राजा दिसतो, हेर दिसत नाही

भालजी पेंढारकरांचं निधन झालं २६ नोव्हेंबर १९९४ रोजी, कोल्हापुरातच. त्याआधी त्यांना १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला होता. आज त्यांची आठवण निघते ती दिग्दर्शक म्हणून, जयप्रभा स्टुडिओचे धनी म्हणून, नटनट्या घडवणारे 'बाबा' म्हणून. लेखक म्हणून ती फार क्वचित निघते. खरं तर त्यांच्या चित्रपटांचा जीव कागदावरच ठरायचा. राजा काय बोलणार, हेर कुठून येणार, मावळा कुठे पडणार हे त्यांनी आधी लिहिलं आणि मग चित्रित केलं.

माझा भाऊ इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. त्याचा सगळा जन्म कोल्हापुरात गेला. माझी मुलगी मुंबईत वेब मालिकांच्या पटकथा लिहिते. भालजींना वीरपटांचे आणि हेरपटांचे लेखक म्हणून कसं आठवावं, यावर या दोघांचं जे बोलणं झालं ते इथे देत आहे. त्यांचं एकमत झालं नाही. तरीही हा वाद वाचकांपुढे यावा असं मला मनापासून वाटतं, कारण गेलेल्या लेखकाबद्दल भांडावंसं वाटणं हा त्याचा मोठा मान आहे.

भाची : मामा, आमच्याकडे सध्या एकच मागणी आहे, मराठी बाँड लिहा. म्हणून मी टॉम मँकीविट्झचं काम पुन्हा काढून बसले. हा माणूस २०१० मध्ये गेला. 'डायमंड्स आर फॉरेव्हर', 'लिव्ह अँड लेट डाय', 'द मॅन विथ द गोल्डन गन' हे १९७१ ते १९७४ मधले तीन बाँडपट त्याच्या लेखणीतून गेले. पुढे १९७८ चा 'सुपरमॅन'ही त्यानेच सावरला. गुप्तहेर आणि महानायक, दोन्ही एकाच लेखकाने हाताळले. मराठीत असं कोण आहे?

मामा : आपल्याच गावात आहे की. भालजींनी 'बहिर्जी नाईक' काढला १९४३ साली. इयान फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी आली १९५३ मध्ये आणि पहिला बाँडपट १९६२ मध्ये. म्हणजे बाँड कागदावर यायच्या दहा वर्षं आधी कोल्हापूरने शिवाजी महाराजांच्या हेराच्या नावाचा बोलपट काढला होता.

भाची : आधी काढला म्हणून चांगला काढला असं होत नाही. आणि नावात हेर आला म्हणून हेरपटही होत नाही. हेरपटात प्रेक्षकाच्या मनात सतत एक धास्ती हवी. हा पकडला जाईल का? ज्याच्या घरात तो जेवतोय त्यालाच तो फसवतोय, त्याचं त्याला काय वाटत असेल? आपल्या ऐतिहासिक पटांत हेर कसा येतो? आत येतो, मुजरा करतो, बातमी सांगतो, महाराज कंठा काढून देतात, हेर निघून जातो. हे निरोप्याचं काम झालं.

मामा : तुझं अर्धं म्हणणं मान्य. आपल्या ऐतिहासिक पटांवर संगीत नाटकाची आणि बखरीची सावली दाट होती. माणसं उभी राहून बोलायची, एकेक वाक्य सभेत म्हटल्यासारखं. पण भालजींपुढे सामग्री काय होती ते तरी बघ. सभासदाची बखर शिवाजी महाराजांनंतर थोड्याच वर्षांत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली. तिच्यात बहिर्जी किती वेळा येतो? अगदी मोजका. सुरतेला जाऊन तिथल्या दौलतीची खबर तो आणतो, आणि जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर जातात. पुढे १६७९ मध्ये जालना लुटून परतताना मोगल फौज आडवी येते, तेव्हा तो आडवाटेने फौज काढतो आणि पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवतो. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून पट्ट्याचं नाव विश्रामगड झालं. एवढ्या ओळींवर दोन-अडीच तासांचा बोलपट उभा करायचा होता त्यांना.

भाची : म्हणजे लेखकाला रान मोकळं होतं! माहिती कमी असेल तिथेच तर पटकथाकाराचं काम सुरू होतं. बहिर्जी सुरतेत किती दिवस राहिला? कुणाच्या ओसरीवर झोपला? परत येताना त्याच्या मनात काय होतं? त्याने ज्या बाजाराची खबर दिली तो बाजार जळताना त्याने पाहिला असेल, तर त्याला काय वाटलं असेल?

मामा : इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. मी वर्गात उत्तरपत्रिका तपासल्या आहेत बाळ. प्रश्न असतो पन्हाळ्याच्या वेढ्याचा आणि उत्तरात पोरं चित्रपटातला संवाद लिहितात, तोही अवतरणचिन्हांत घालून. लोकांनी बहिर्जीला फकीर केला, वासुदेव केला, गोंधळी केला. ती लोककथा म्हणून सुंदर आहे. पण लेखकाने एकदा ते पडद्यावर आणलं की पुढच्या पिढीला तेच पुराव्यासारखं वाटतं. भालजींनी त्याच्या मनात फार खोल शिरायचं टाळलं असेल, तर त्यात मला अदब दिसते.

भाची : मला त्यात भीती दिसते. लोकांच्या लाडक्या माणसाला शंका येताना दाखवायची भीती.

मामा : भीती म्हणायच्या आधी साल बघ. १९४३. आदल्याच वर्षी 'चले जाव' झालेलं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीकडच्या कुंडल भागातही, नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. निरोप पोचवणारे, भूमिगतांना आसरा देणारे, पोलिसांना चकवणारे लोक गावोगाव होते. त्या वर्षी महाराजांच्या हेराच्या नावाचा बोलपट बघायला बसलेल्या प्रेक्षकाला वेगळं काही समजावून सांगावं लागलं असेल का?

भाची : म्हणजे इतिहासाचा वेश चढवून वर्तमान बोलायचं?

मामा : दुसरा मार्गच नव्हता. 'प्रभात' फिल्म कंपनी कोल्हापुरात होती तेव्हाची गोष्ट. शांतारामबापूंनी १९३० मध्ये शिवचरित्रावर मूकपट केला, 'स्वराज्याचे तोरण'. इंग्रजांच्या सेन्सॉरला त्या नावातला 'स्वराज्य' खपला नाही. चित्रपट शेवटी 'उदयकाल' या नावाने लागला. स्वतः भालजी तरुणपणी 'केसरी'त काम केलेले. मूकपटाच्याच काळात त्यांचा 'वंदे मातरम् आश्रम' सेन्सॉरच्या कात्रीत सापडला होता. उघड बोललं की कापतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तू ज्याला निरोप्या म्हणतेस, तो पडद्यावरून खालच्या लोकांनाच निरोप देत होता.

भाची : हे मला पटतं, मनापासून पटतं. गुलामीच्या काळात लेखकाने निःशंक राजा उभा करणं ही गरज होती. ज्यांचा आत्मविश्वास मोडलाय त्यांच्यापुढे गोंधळलेला नायक ठेवून चालत नाही. पण मामा, ही सबब १९४७ पर्यंत पुरते. 'छत्रपती शिवाजी' आला १९५२ मध्ये, मराठीत आणि हिंदीत. चंद्रकांत मांढरे महाराज आणि पृथ्वीराज कपूर मिर्झाराजे जयसिंग. 'मराठा तितुका मेळवावा' १९६४ चा. 'गनिमी कावा' तर १९८१ चा. तेव्हा सेन्सॉरचा साहेब निघून गेला होता. मग महाराजांना एकदा तरी रात्रभर झोप लागली नाही असं दाखवायला काय हरकत होती? मिर्झाराजांपुढे पुरंदरला २३ किल्ले द्यायचे ठरवताना त्या माणसाच्या मनात काय कालवाकालव झाली असेल! पटकथाकाराला याहून मोठा प्रसंग मिळेल का?

मामा : तुझ्या या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच सांगतो, की स्वातंत्र्यानंतरचे भालजी वेगळ्या घावातून उठले होते. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ मध्ये जी जाळपोळ झाली, तिच्यात जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. 'मीठभाकर' आगीत गेला. त्यांनी कर्ज काढून सगळं पुन्हा उभं केलं आणि 'मीठभाकर' पुन्हा चित्रित करून १९४९ मध्ये लोकांपुढे आणला. पुढे कर्जापायी स्टुडिओ हातचा गेला, तो लता मंगेशकरांनी घेतला, आणि भालजी तिथेच काम करत राहिले. ज्याची लिहिलेली, घडवलेली गोष्ट आपल्याच गावात जळाली, त्याने पुढे माणसांवर रागावून लिहिलं असतं तर मी समजू शकलो असतो. त्यांनी तसं लिहिलं नाही. माणसं एकत्र आणणाऱ्या गोष्टीच लिहिल्या. 'मराठा तितुका मेळवावा' हे नाव उगीच निवडलेलं नसतं.

भाची : हा माणूस म्हणून मोठेपणा झाला. मी लेखकाबद्दल विचारतेय.

मामा : मग लेखकाबद्दलच बोलतो. त्यांचे चित्रपट ओळीने आठव. 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक', 'मीठभाकर', 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. शिवशाहीच्या गोष्टी आणि खेड्यातल्या गोष्टी, त्यांनी दोन्ही लिहिल्या. 'साधी माणसं' १९६५ चा. त्यात नायक लोहार आहे. ना गड, ना तलवार, एक भाता आणि एक ऐरण. आता मला सांग, महाराजांचा मावळा आणि हा लोहार यांत लेखकाने काही फरक केलाय का? कष्ट, इमान, लाज, घरच्या बाईचा धीर, सगळं तेच. त्यांच्या आत्मकथनाचं नावसुद्धा 'साधा माणूस' आहे. महाराज पडद्यावर मधोमध उभे असले तरी लेखकाचं लक्ष कडेच्या माणसावर होतं, असं मला वाटतं.

भाची : थांबा मामा, हे नीट मांडूया, कारण माझ्या कामाचं आहे. महानायकाची गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिता येते. एका तऱ्हेत सगळं बळ त्याच्या अंगात असतं. सुपरमॅन तसा. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी १९३८ मध्ये त्याला कागदावर आणलं. तो दुसऱ्या ग्रहावरून येतो, बळ घेऊनच येतो. त्याला कुणाची गरज नाही, म्हणून लेखकाला मुद्दाम त्याची दुखरी जागा शोधावी लागते. दुसऱ्या तऱ्हेत बळ नायकाभोवतीच्या माणसांत वाटलेलं असतं. एकजण बातमी आणतो, एकजण खिंड अडवतो, एकजण सोंग घेतो. नायकाचं मोठेपण हे, की ही माणसं त्याच्यासाठी हे का करतात.

मामा : आणि ती दुसरी तऱ्हा आपल्याला शोधायला लांब जावं लागत नाही. पन्हाळा इथून वीसेक किलोमीटरवर. जुलै १६६० ची पावसाळी रात्र. सिद्दी जौहरचा वेढा काही महिने बसलेला. राजापूरच्या वखारीचे इंग्रजसुद्धा तोफा घेऊन वेढ्यात सामील. महाराज निसटले ते कशामुळे? शिवा काशीद पालखीत बसला म्हणून. नेबापूरचा, जातीने न्हावी, चेहऱ्यामोहऱ्याने महाराजांसारखा. तो महाराजांचा पोशाख करून शत्रूच्या गोटात गेला, आणि ओळख पटली तेव्हा मारला गेला. बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले ते त्यानंतर. एका रात्रीत दोन माणसांनी राजा वाचवला. त्यातल्या एकाचं हत्यार होतं दांडपट्टा, दुसऱ्याचं हत्यार होतं नुसता चेहरा.

भाची : शिवा काशीद हा मला जगातल्या कुठल्याही हेरपटापेक्षा मोठा विषय वाटतो. बाँड जाईल तिथे आपलं नाव ऐटीत सांगतो. खऱ्या हेराला ते परवडेल का? सुपरमॅन चष्मा लावून क्लार्क केंट होतो, म्हणजे थोर माणूस सामान्याचं सोंग घेतो. शिवा काशीदचं उलट आहे. सामान्य माणूस एका रात्रीपुरतं राजाचं सोंग घेतो, आणि त्याला ठाऊक आहे की हे सोंग उतरवायला आपण परत येणार नाही. पालखी डोलत चालली आहे, पाऊस पडतोय, आत तो एकटा आहे. मामा, त्या पालखीच्या आत कुणी गेलं नाही अजून. भालजींनी १९५६ मध्ये 'पावनखिंड' केला. खिंडीला नाव मिळालं, पालखीला मिळालं नाही.

मामा : आत जायला पुरावा कुठे आहे?

भाची : पुरावा नाही हेच तर मी सांगतेय! पालखी गेली, तो मारला गेला, एवढं परंपरेने दिलंय. आतली घालमेल कुठलीच बखर देणार नाही, कारण बखर लिहिणारा पालखीत नव्हता. ती जागा लेखकाचीच आहे. मी तिथे तारीख बदलणार नाही, लढाई बदलणार नाही, कुणाच्या तोंडी खोटी घोषणा घालणार नाही. मला फक्त त्याचे हात थरथरताना दाखवायचे आहेत. त्याने त्याचं शौर्य कमी होतं का?

मामा : कमी होत नाही. उलट वाढतं, हे मला तुझ्याकडून ऐकताना कळतंय. पण माझी एक अट आहे. थरथरणारे हात दाखव, पण ते आजच्या माणसाचे हात करू नकोस. त्याच्या डोक्यात आपले विचार भरू नकोस. सतराव्या शतकातल्या न्हाव्याला स्वामिनिष्ठा म्हणजे काय वाटायचं, गाव म्हणजे काय, मरण म्हणजे काय, हे आधी समजून घे. भालजींचं बळ तिथे होतं. त्यांची माणसं मातीतली वाटायची, कारण त्यांना ती बोली, ते रीतिरिवाज, ते हाडपेर ठाऊक होतं. चिकोडीकडच्या खडकलाटातून आलेल्या मुलीला त्यांनी सुलोचना केलं आणि पुढे जिजाऊंच्या भूमिकेत उभं केलं. त्या चेहऱ्यावर खेड्याचा सोशिकपणा होता म्हणून त्या जिजाऊ लोकांना घरच्या वाटल्या.

भाची : अट मान्य. आणि आता मीही एक गोष्ट कबूल करते. मँकीविट्झ सुपरमॅनवर आला तेव्हा आधीचा मसुदा तयार होता. त्यात नायकाची टिंगल फार होती. दिग्दर्शक रिचर्ड डॉनरला ते चालेना. त्याचा हट्ट होता की हा माणूस उडतो यावर आधी आपला विश्वास हवा, तरच प्रेक्षकाचा बसेल. मँकीविट्झने सगळं त्या विश्वासाने पुन्हा लिहिलं. गंमती ठेवल्या, पण नायकाची लाज काढली नाही. महानायक लिहायचा तर आधी तो मनापासून मानावा लागतो. भालजी हे पहिल्यापासून जाणत होते. त्यांच्या लेखनात महाराजांविषयी खोटा भाव नाही. माझ्या पिढीतल्या लेखकांना नायकावर विश्वास ठेवायची लाज वाटते, म्हणून आम्ही त्याला एकतर विकृत करतो नाहीतर पोकळ.

मामा : आणि हल्लीचे शिवकालीन चित्रपट? 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड'. त्यांत तर बहिर्जी चांगला ठसठशीत येतो.

भाची : येतो, आणि २०१८ नंतर थिएटरं पुन्हा भरली याचा मला आनंद आहे. पोरं बहिर्जीचं नाव घ्यायला लागली. पण तिथे एक वेगळंच झालं. आता हेरही महानायक झाला. तोच उड्या मारतो, तोच दहाजणांना लोळवतो, संगीत वाढतं, कॅमेरा मंदावतो. हेराचं काम लढायचं नाही, लढाईची गरज कमी करायचं आहे. त्याने नीट खबर आणली तर शंभर मावळ्यांचे प्राण वाचतात. हे वाचलेले प्राण पडद्यावर कसे दाखवायचे, ही माझ्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

मामा : जालन्याचा प्रसंग घे मग. फौज लुटीने जडावलेली, मागे-पुढे शत्रू, आणि एका माणसाला फक्त वाट ठाऊक आहे. तलवार नाही काढली त्याने. वाट काढली. तीन रात्री चालून महाराज आणि फौज पट्ट्यावर पोचले. याला वीरपट म्हणायचं की नाही?

भाची : म्हणायचं. आणि शेवटी महाराज विश्रांती घेतात, हा शेवट मला कुठल्याही विजयोत्सवापेक्षा आवडेल. फौज निजली आहे, कारण एकजण जागा होता.

मामा : बघ, तूसुद्धा भालजींसारखीच कडेच्या माणसाकडे आलीस.

भाची : आले, पण त्यांच्याशी भांडून आले. नुसत्या नमस्काराने आले नसते. आता मला एक सांगा, मला भालजींची पटकथा वाचायची आहे. बघायची नाही, वाचायची. त्यांनी प्रसंग कसा उघडला, कुठे संवाद खोडला, कुठे नट दारातून येतो असं लिहिलं. कुठे मिळेल?

मामा : दुकानात मिळणार नाही.

भाची : तेच. मँकीविट्झच्या आयुष्याचं पुस्तक त्याच्यामागे दोन वर्षांत निघालं. तिकडच्या पटकथा छापून मिळतात, शिकणारी मुलं त्यांवर खुणा करतात. आपल्याकडे नाटकाची संहिता छापतात, कवितेचं पुस्तक होतं, गाण्यांची वही होते. पटकथा मात्र चित्रीकरण संपलं की रद्दी. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर आपले कितीतरी मूकपट आणि जुने बोलपट नाहीसे झाले होते. फीत नासते, जळते. कागद त्यामानाने टिकतो, कुणी टिकवला तर.

मामा : इथे मला माझ्या गावाबद्दलही बोललं पाहिजे. जयप्रभाच्या जागेसाठी २०२२ मध्ये कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. कलावंत उपोषणाला बसले. मला त्याचा अभिमान आहे. कुठल्या गावात लोक एका स्टुडिओसाठी उपाशी राहतात? पण तू म्हणतेस ते खरं, आपण भिंतींसाठी उभे राहिलो, पानांसाठी नाही. भिंत वाचली तरी तिच्या आत काय लिहिलं गेलं ते वाचायला मिळालं नाही, तर तिथे फक्त पाटी लावायची राहते.

भाची : मग गावाने आता पानांसाठी उभं राहावं. जुन्या कलावंतांच्या घरांत, सहाय्यकांच्या पेट्यांत, कपाटांच्या माळ्यांवर संवादांच्या वह्या, चित्रीकरणाच्या प्रती असतील. त्या गोळा करायच्या, त्यांची छायाचित्रं काढून ठेवायची, टीपांसह छापायच्या. शिवाजी विद्यापीठ गावात आहे, मोरेवाडीला चित्रनगरी आहे. पटकथा लिहायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी एक मराठी पटकथा वाचलेली असावी, एवढं तरी व्हावं.

मामा : टीपांसह म्हणालीस, ते बरं केलंस. कुठला प्रसंग सभासदाचा, कुठला लोककथेतला, कुठला भालजींच्या मनातला, हे समासात लिहिलेलं असलं की माझी तक्रार संपली. मग लेखकाने कल्पना करावी, खुशाल करावी. वाचणाऱ्याला ती कल्पना म्हणून आवडेल, आणि परीक्षेत तो तिला इतिहास म्हणून लिहिणार नाही.

भाची : एका गोष्टीवर मात्र मी हटणार नाही. भालजींनी महाराजांना शंकेपासून जपलं, ती त्यांच्या लेखनाची मर्यादा होती. मी लिहीन तेव्हा महाराज पुरंदरच्या रात्री जागे असतील.

मामा : आणि मी म्हणेन, की ज्या पिढीला आधी ताठ उभं राहायला शिकायचं होतं, तिच्यासाठी त्यांनी योग्य तेच लिहिलं. तुझ्या पिढीला वेगळं हवं असेल तर लिही. पण आधी सभासद वाच, मग बानूरच्या भूपाळगडावर जाऊन ये. बहिर्जीची समाधी तिथे आहे असं लोक मानतात. खानापूर तालुक्यात आहे, लांब नाही. तिथून चारही बाजूंचा मुलूख किती लांबवर दिसतो ते बघ, आणि मग ठरव हेराला भीती कधी वाटत असेल.

दोघांचं बोलणं इथवर आलं, आणि मला माझं मत सांगितल्यावाचून राहवत नाही. वीरपट आणि हेरपट लिहिणाऱ्याला विसरणं सगळ्यात सोपं असतं. प्रेक्षक नायकाला घरी नेतो, नटाचं चित्र भिंतीवर लावतो, लेखकाला थिएटरातच सोडून येतो. भालजींच्या बाबतीत तर लेखक आणि दिग्दर्शक एकच असल्याने लेखक अधिकच झाकला गेला. मराठी पडद्यावर पराक्रम वाटून घेतला जातो, राजाच्या पाठीशी न्हावी, हेर, लोहार उभे असतात, ही ओळख आपल्याला त्यांच्या लेखणीने घट्ट करून दिली. जगातले कितीतरी महानायक एकटे लढतात. आपला नायक एकटा लढत नाही, आणि ती गोष्ट नुसत्या इतिहासाने आपल्यापर्यंत पोचवलेली नाही, ती कुणीतरी प्रसंगाप्रसंगाने लिहून काढली.

माझ्या भावाचा आदर आणि माझ्या मुलीची तक्रार, दोन्ही त्या लेखणीला लागू आहेत. आदर नसेल तर पुढची पिढी ती पानं शोधायला जाणार नाही. तक्रार नसेल तर ती पुढचं पान लिहिणार नाही. भालजींच्या संहिता कोल्हापूरने गोळा कराव्यात, छापाव्यात, आणि शिकणाऱ्यांनी त्यांवर पेन्सिलीने हवं तितकं भांडावं. त्यांच्यासारख्या लेखकाचं स्मारक असंच झालं पाहिजे, आणि ते करायला अजून उशीर झालेला नाही.